‘काहीतरी वेगळं वाचायला सांग ना’: विज्ञान-कादंबरी आणि फँटसी सुचवायची पद्धत

बडोद्याच्या मराठी घरांत पुस्तकं सुचवली जातात ती लग्नाच्या पंगतीत, गणपतीच्या आरतीनंतर, नाहीतर अहमदाबादच्या अपडाउन गाडीत. चरित्र, कादंबरी, प्रवासवर्णन असलं तर काम भागतं. विज्ञान-कादंबरी किंवा फँटसी असली की बहुधा फसतं. सुचवणारा डोळे चमकवत फ्रँक हर्बर्टची ‘ड्यून’ म्हणतो, ऐकणारा मान डोलावतो, पुस्तक आणतो, तिसाव्या पानावर अडकतो आणि ‘हे आपल्या डोक्यावरून जातं’ म्हणून पुन्हा त्या वाटेला फिरकत नाही. सुचवणाऱ्याने पुस्तकाचं कौतुक भरपूर केलेलं असतं, पण वाचणाऱ्याची चौकशी केलेली नसते.

या साहित्यात ही चौकशी जास्त लागते, कारण प्रत्येक पुस्तकात जगाचे नियमच निराळे असतात आणि ते शिकायचे कष्ट वाचकाला घ्यावे लागतात. कोणाला त्या कष्टांतच मजा येते, कोणाला अजिबात येत नाही.

आधी माणूस विचारून घ्या

‘तुम्हाला काय आवडतं?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. उत्तर येतं, ‘सगळंच’. त्याऐवजी विचारा, रात्री जागून संपवलेलं शेवटचं पुस्तक कोणतं? त्यात काय धरून ठेवत होतं: पुढे काय होणार ही उत्सुकता, माणसं, भाषा, की मिळणारी माहिती? मग उलट प्रश्न: अर्धवट सोडलेलं पुस्तक कोणतं आणि कुठे सोडलं? हा दुसरा प्रश्न जास्त कामाचा. ‘नावं फार होती’ म्हणणाऱ्याला दहा घराण्यांची फँटसी देऊन उपयोग नाही. ‘काही घडतच नव्हतं’ म्हणणाऱ्याला चिंतनपर विज्ञान-कादंबरी देऊ नका.

वाचायला वेळ कधी मिळतो, हेही विचारा. गाडीत रोज दोन-दोन तास मिळणारा माणूस जाड पुस्तक पेलतो. झोपण्यापूर्वी वीस मिनिटं वाचणाऱ्याला छोटी प्रकरणं हवीत. डोळ्यांचा त्रास असलेल्या आजोबांना ऑडिओबुक सुचवा, मराठीत आता ती बऱ्यापैकी मिळतात आणि नारायण धारपांच्या भयकथा ऐकायला छानच लागतात. आणि हो, नवरात्राच्या तोंडावर कोणाला पाचशे पानी पुस्तक देऊ नका. गरब्याहून पहाटे परतणारा माणूस काय वाचणार! दिवाळीनंतरची थंडी उत्तम, फक्त उत्तरायणाचे दोन दिवस सोडून द्यायचे.

भाषा ठरवा, ती गृहीत धरू नका

हा प्रश्न पुण्यात पडत नाही, इथे पहिल्याच फटक्याला पडतो. एकाच घरात आजी मराठी वाचते, वडील गुजराती माध्यमात शिकलेले, नात इंग्रजी माध्यमात. घरात सगळे मराठीच बोलतात, पण वाचायला बसले की तिघांचे वेग तीन. गुजराती माध्यमातल्या माणसाला हिंदीमुळे देवनागरी येते, तरी मराठी कादंबरीचं पान त्याला जड जातं. अशांना थेट साडेतीनशे पानी मराठी कादंबरी देणं म्हणजे पोहायला येत नसलेल्याला सुरसागर तलावात उतरवणं. त्यांना कथा द्या. विज्ञानकथेचं एक बरं आहे, आपल्याकडे ती कथेच्या रूपातच जास्त फोफावली. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धा आणि ‘नवल’, ‘धनंजय’सारखे दिवाळी अंक यांनी ती वाढवली. दहा-पंधरा पानांत एक कल्पना, सुरुवात, शेवट. वेग आला की कादंबरी.

दुसरी युक्ती म्हणजे आधी दुसऱ्या भाषेत वाचलेल्या लेखकाकडून मराठीत शिरणं. गुजरातीत शिकलेल्या मागच्या पिढीने मूळशंकर भट्टांनी केलेले ज्यूल व्हर्नचे अनुवाद हमखास वाचलेले असतात. ‘सागरसम्राट’ (‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’) हे नाव काढलं की पन्नाशीचे काकाही शाळकरी होतात. त्यांना सांगा की मराठीत हेच काम भा. रा. भागवतांनी केलं, आणि त्यातलं एखादं हातात द्या. गोष्ट ओळखीची असल्यामुळे भाषेची धास्ती उरत नाही. हॅरी पॉटरचंही तसंच, तो मराठी, हिंदी, गुजराती तिन्हींत आहे. मराठीतल्या पहिल्या भागाचं नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’. घरातल्या तिघांनी तीन भाषांत एकच पुस्तक वाचावं, असं खरोखर करता येतं.

अनुवाद सुचवताना अनुवादकाचं नावही सांगायची सवय लावून घ्या. टॉल्किनची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत आणली आहे. एवढं सांगितलंत की दुकानात नेमकं पुस्तक मागता येतं. अनुवाद चांगला की नाही, हे पाहायचा सोपा उपाय: मधलं एखादं संवादाचं पान मोठ्याने वाचायचं. जीभ अडखळली की समजावं, आणि येत असेल तर मूळ इंग्रजी सुचवावं.

आवडीवरून पुस्तकाकडे

इथे मी थोडी रेंगाळणार आहे. ‘विज्ञानकथेची सुरुवात कुठून करू?’ याला एकच उत्तर नाही. माणूस आत्तापर्यंत काय वाचत आला, त्यावर ते ठरतं.

ऐतिहासिक कादंबऱ्यांवर वाढलेले वाचक आपल्याकडे सर्वात जास्त, आणि विज्ञानकथा नको म्हणण्यातही तेच पुढे. त्यांच्यासाठी जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा रामबाण. १७६१ साली पानिपताचा निकाल वेगळा लागला असता तर, एवढ्या एका वाक्यावर इतिहासाचा वाचक उठून बसतो. बडोद्यात तर जास्तच, कारण दमाजी गायकवाड पानिपतावर लढले आणि तिथून परत आले, हे इथल्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. सीबीएसईच्या मुलांनी हीच कथा अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात ‘द अॅडव्हेंचर’ म्हणून वाचलेली असते, तेव्हा आजोबा आणि नातू यांना बोलायला विषयही मिळतो. ती आवडली तर फिलिप के. डिक यांची १९६२ची ‘द मॅन इन द हाय कॅसल’ द्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी आणि जपान जिंकले आहेत, अशा जगात ती घडते.

रिफायनरीत किंवा खतांच्या कारखान्यात आयुष्य काढलेले काका प्रत्येक मराठी सोसायटीत एकतरी असतातच. ते ‘कादंबरी’ म्हटलं की नाक मुरडतात. त्यांच्या हातात अँडी वियर यांची ‘द मार्शन’ ठेवा. मंगळावर एकटा अडकलेला माणूस रॉकेटच्या इंधनातल्या हायड्रॅझिनमधून हायड्रोजन काढतो, तो जाळून पाणी बनवतो आणि त्या पाण्यावर बटाटे पिकवतो. केमिकलवाला माणूस कागद-पेन घेऊन हिशेब तपासायला बसतो, आणि बसला की पुस्तक संपवूनच उठतो. एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाका: ज्या वादळाने गोष्ट सुरू होते ते मंगळावर शक्य नाही, तिथल्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याच्या आसपास आहे आणि लेखकालाही हे माहीत होतं. न सांगितल्यास काका पहिल्याच प्रकरणात पुस्तक मिटतील. त्यांच्यासाठी पुढचं पाऊल आर्थर क्लार्क यांची १९७३ची ‘रॉन्देव्हू विथ रामा’. तीत खलनायक नाही, प्रेमप्रकरण नाही, पन्नास किलोमीटर लांबीचं एक पोकळ नळकांडं सूर्यमालेत येतं आणि माणसं आत शिरून पाहतात. काही वाचकांना हे रटाळ वाटतं. इंजिनियरांना वाटत नाही.

रहस्यकथा वाचणाऱ्यांना आयझॅक असिमॉव्ह यांची १९५४ची ‘द केव्हज ऑफ स्टील’ द्यावी, ‘फाउंडेशन’ नव्हे. खून, संशयित, तपास आणि माणूस-यंत्रमानव अशी तपास करणारी जोडी. रोबोंचे तीन नियम असिमॉव्हनी १९४२मध्ये एका कथेत मांडले, ते इथे तपासाच्या कामी येतात. ‘फाउंडेशन’ त्याहून प्रसिद्ध असली तरी त्यात माणसं खोलीत बसून बोलतातच फार. ती राजकारणात रस असणाऱ्यांना द्या. मराठी राजकीय कादंबरीचा वाचक असेल तर अरुण साधूंचं नाव पुरतं. ‘सिंहासन’ लिहिणाऱ्यानेच ‘विप्लवा’ ही विज्ञान-कादंबरी लिहिली, हे ऐकून चकित होणारे पुष्कळ भेटतात.

भयकथांचे भक्त सोपे. धारप त्यांनी वाचलेलेच असतात. फक्त त्यांना सांगा की ‘समर्थ’ या त्यांच्या गाजलेल्या पात्राच्या पलीकडेही धारप आहेत आणि ‘नेनचिम’सारखी विज्ञान-कादंबरी त्यांच्या नावावर आहे.

‘मला फँटसी आवडत नाही, ती मुलांसाठी’ असं म्हणणारे गंभीर वाचक सर्वात गमतीशीर. त्यांना विचारा, जी. ए. कुलकर्णी आवडतात? चेहरा उजळतो. ‘रमलखुणा’तल्या ‘इस्किलार’ आणि ‘प्रवासी’ वाचल्यात? अर्थात! मग नसलेलं नगर, नसलेले देव, नसलेला काळ हे सगळं तुम्ही आधीच पचवलं आहे, एवढंच म्हणायचं आणि उर्सुला ले ग्वीन यांची १९६८ची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ पुढे करायची. दोनशे पानांच्या आतबाहेरची आहे, ठेवणीतल्या इंग्रजीत लिहिलेली. ती किशोरांसाठी म्हणून छापली गेली होती, हे मात्र त्यांना नंतर सांगा.

पुराणं-महाभारत आवडणाऱ्यांना अमीश यांचं ‘मेलूहाचे मृत्युंजय’ लोक सुचवतातच, तुम्ही वेगळं सुचवण्याची गरज नाही. माझं मत विचाराल तर अशा वाचकाला टॉल्किनच जास्त मानवतो. वंशावळी, शस्त्रांची नावं, शाप, प्रवास, अधूनमधून गाणी, हे सगळं त्याच्या सवयीचं असतं.

सामाजिक कादंबऱ्या वाचणाऱ्या मावशींना बंगालच्या रुकैया हुसेन यांची १९०५ची ‘सुलतानाज ड्रीम’ आधी द्या. मूळ इंग्रजीत, काही पानांचीच. सौरऊर्जा, हवेतून उडणारी वाहनं, आणि पडद्यात बसलेले पुरुष. वाचून मावशी हसतात, मग गंभीर होतात. त्यानंतर ऑक्टेव्हिया बटलर यांची १९७९ची ‘किंड्रेड’: विसाव्या शतकातली कृष्णवर्णीय बाई अचानक गुलामगिरीच्या काळात ओढली जाते. कालप्रवास होतो कसा, याचं स्पष्टीकरण पुस्तकात नाहीच, त्यामुळे विज्ञानाची भीती बाळगायचं कारण नाही. प्रसंग मात्र क्रूर आहेत, तेवढं आधी सांगा.

विनोदाची आवड असेल तर डग्लस अॅडम्स किंवा टेरी प्रॅचेट. दोघांचाही विनोद इंग्रजी भाषेतच मुरलेला, त्यामुळे इंग्रजी सरावाचं असेल तरच.

आणि ज्याला काहीच माहीत नाही पण मराठी कादंबरीच हवी आहे, त्याला नारळीकरांची ‘वामन परत न आला’. जमिनीखाली सापडलेली एक पेटी, तिच्यातल्या माहितीवरून घडवला गेलेला यंत्रमानव, आणि नाव सार्थ करणारा प्रकार. भाषा साधी, वेग चांगला. यंत्रांना शहाणपण येण्याविषयी आज जी चर्चा चालते, तिच्या पार्श्वभूमीवर ती आज जास्तच ताजी वाटते.

उंबरठा किती उंच आहे ते सांगा

बहुतेक पुस्तकं सुटतात ती पहिल्या पन्नास-शंभर पानांत. म्हणून सुचवताना अडचण कुठे येईल आणि तिथे काय करायचं, हे सांगणं हा माझ्या मते सुचवण्यातला सर्वात उपयोगी भाग आहे. पुस्तकावर तुमचं प्रेम असेल तर ते लपवायची गरज नाही, पण अडचणही लपवू नका.

‘ड्यून’ देताना सांगा की सुरुवातीला अनोळखी शब्दांचा मारा होईल. मागे शब्दसूची आहे, पण प्रत्येक शब्दाला मागे पळू नका, शंभर पानांत निम्मे शब्द आपोआप कळतात. टॉल्किन देताना सांगा की हॉबिट या बुटक्या लोकांवरची प्रस्तावना आधी वाचायची सक्ती नाही आणि टॉम बॉम्बाडिल या पात्राची प्रकरणं मंद आहेत, ती ओलांडा. लिऊ त्सशिन यांची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ इंग्रजीत चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीच्या रक्तपाताने सुरू होते, त्यामुळे ‘हे तर राजकीय पुस्तक आहे’ असा गैरसमज होतो. मूळ चिनी पुस्तकात तो भाग मध्ये घातला होता, इंग्रजी अनुवादात लेखकाच्या आधीच्या योजनेप्रमाणे पुढे आणला. चिनी नावांत आडनाव आधी येतं, हे सांगितलंत की पात्रं ओळखणं अर्ध्याने सोपं होतं.

जुन्या पुस्तकांत विज्ञान जुनं झालेलं असतं. व्हर्नने १८६५मध्ये माणसांना तोफेतून चंद्राकडे धाडलं. तेवढ्या धक्क्याने ती जागीच चिरडली असती. विज्ञान चुकलं म्हणून पुस्तक बाद ठरत नाही, पण वाचकाला हे आधीच माहीत असलं की तो चिडत नाही, गालात हसतो.

मालिका असेल तर क्रम लिहून द्या

फँटसीवाल्यांना तीन भागांपेक्षा कमी लिहिता येत नाही की काय कोण जाणे. मालिका सुचवताना चार गोष्टी सांगायच्या: भाग किती, पूर्ण झाली का, पहिला भाग एकटा उभा राहतो का, आणि वाचायचा क्रम.

जॉर्ज मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’चा पहिला भाग १९९६चा, पाचवा २०११चा, आणि पुढचा अजून यायचाय. हे न सांगता ती मालिका कोणाला देणं म्हणजे शुद्ध फसवणूक. ‘ड्यून’चा पहिला भाग एकटा वाचून थांबता येतं. प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्डची ४१ पुस्तकं आहेत, हा आकडा ऐकून माणूस पळतो. त्याला सांगा, कुठूनही सुरू करा, पण पहिल्यापासून नको, ‘मॉर्ट’ किंवा ‘गार्ड्स! गार्ड्स!’पासून.

क्रमाचा घोळ ‘फाउंडेशन’मध्ये मोठा. मूळ तीन पुस्तकं १९५१ ते १९५३ची, पुढचे भाग ऐंशीच्या दशकातले, आणि गोष्टीच्या काळाने सर्वात आधी घडणारी पुस्तकं सर्वात शेवटी लिहिलेली. प्रकाशनाच्या क्रमानेच द्या. ‘नार्निया’चंही तेच: आताच्या संचांवर ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ला एक नंबर असतो, पण ती १९५५ची. १९५०ची ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ आधी वाचली की कपाटाच्या दाराची मजा टिकते.

गोष्ट न फोडता सांगणं

आपल्याकडे पुस्तक सांगणं म्हणजे गोष्ट सांगणं. कीर्तनाची सवय! विज्ञानकथेत मात्र सगळी गंमत एका कल्पनेच्या उलगड्यात असते, ती फुटली की पुस्तक संपलं. माझा नियम सोपा: पहिल्या तीस पानांत जे कळतं तेवढंच सांगायचं. पुढचं काही सांगावंसं वाटलं तर प्रश्नाच्या रूपात सांगायचं. ‘सागरसम्राट’ वाचलेल्याला ‘द मिस्टिरियस आयलंड’ सुचवताना मी इतकंच म्हणते: त्यातला पाणबुडीचा कॅप्टन निमो मुळात कोण होता, हे त्यात उघडतं, आणि बडोद्यासारख्या संस्थानात वाढलेल्याला ते वाचून विशेष वाटेल. का, ते सांगत नाही.

व्हॉट्सअॅपवर पाठवायचा मजकूर असा काहीसा असावा:

‘काकी, नारळीकरांची “उजव्या सोंडेचा गणपती” वाचा. कथा आहे, कादंबरी नाही, अर्ध्या तासात होईल. क्रिकेट आहे आणि गणपती आहे, त्यापुढे सांगत नाही. मध्ये थोडं गणित येईल, नाही समजलं तरी पुढे जा. संग्रह माझ्याकडे आहे, त्या पानावर खूण घालून आरतीला आणते.’

आणि हा दुसरा, अपडाउन करणाऱ्या भाच्याला:

‘“द केव्हज ऑफ स्टील”, असिमॉव्ह, इंग्रजी. खुनाचा तपास, पण भविष्यातल्या न्यूयॉर्कमध्ये. इंग्रजी सोपं, प्रकरणं लहान. पुढे भाग आहेत पण हे एकटं पुरतं. बायकांची पात्रं जुन्या वळणाची आहेत, १९५४चं पुस्तक आहे, तेवढं सोसून घे. आवडलं नाही तर कुठे सोडलंस ते सांग.’

बघा, दोन्हींत ‘अप्रतिम’, ‘मस्ट रीड’, ‘डोकं चक्रावून जातं’ असं काहीही नाही. ही विशेषणं प्रत्येक पुस्तकाला लागतात, म्हणून कोणत्याच पुस्तकाबद्दल काही सांगत नाहीत. पुरस्कारांचा उल्लेखही जपून करा. ‘ह्यूगो’ १९५३पासून आणि ‘नेब्युला’ १९६६पासून दिले जातात, त्यांच्या याद्या तुम्हाला पुस्तकं शोधायला उत्तम आहेत. पण ज्याने ही नावं ऐकलेलीच नाहीत त्याच्यावर त्यांचा काय प्रभाव पडणार? त्यापेक्षा नारळीकरांचा किस्सा सांगा. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने धाडली, म्हणजे आपलीच आद्याक्षरं उलटी करून, आणि कथेला पहिला क्रमांक मिळाला. हा किस्सा ऐकून पुस्तक मागणारे जास्त.

मिळेल कुठे, हे सांगितल्याशिवाय सुचवू नका

मराठी पुस्तकांची दुकानं बडोद्यात पुण्यासारखी पावलोपावली नाहीत. त्यामुळे नाव कळूनही पुस्तक हाती न येणं हे इथलं नेहमीचं दुखणं.

पहिला मुक्काम मांडवीची सेंट्रल लायब्ररी. सयाजीराव महाराजांनी १९१०मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानात ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, पेट्यांतून गावोगाव फिरणारी ग्रंथालयंसुद्धा. त्यातलं हे मुख्य ठिकाण. आतल्या मांडण्यांचे काचेच्या जमिनींचे मजले पाहायला लोक येतात, पण सभासद होऊन मराठी विभागात शिरणारे कमी. जुने अनुवाद, ज्यांची नवी आवृत्ती निघालीच नाही अशी पुस्तकं शोधायची तर आधी अशा मांडण्यांतच शोधावीत. पुस्तक सापडलं की त्याचा दाखल क्रमांक टिपून घ्या आणि सुचवताना तोच कळवा, म्हणजे दुसऱ्याची खेप वाचते. विद्यापीठात शिकणाऱ्यांना हंसा मेहता ग्रंथालय आहे, तिथे इंग्रजी विज्ञान-कादंबऱ्याही पाहाव्यात.

विकत घ्यायचं असेल तर प्रकाशकाचं नाव लागतंच: नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह मौजेचा, धारपांची पुस्तकं साकेतने पुन्हा आणली आहेत. तीन-चार घरांनी मिळून एकदम मागवलं की टपालखर्च वाटला जातो. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या नातेवाइकांना यादी देणं हा आपला जुना आणि खात्रीचा मार्ग. बाकरवडीच्या खाली दोन पुस्तकं सहज मावतात.

पीडीएफचं काय? भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. एच. जी. वेल्स १९४६मध्ये गेले, तेव्हा ‘द टाइम मशीन’ आणि ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ मूळ इंग्रजीत खुशाल पाठवा. व्हर्नच्या मूळ फ्रेंच पुस्तकांचंही तसंच. पण त्यांच्या मराठी अनुवादांवर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो. धारप २००८मध्ये गेले, नारळीकर २०२५मध्ये. त्यांची स्कॅन केलेली पुस्तकं गटात फिरवणं बेकायदा तर आहेच, शिवाय मराठीत या प्रकाराचा खप आधीच थोडा, त्यात नवी आवृत्ती निघायची शक्यता आपणच कमी करतो.

मुलांसाठी

इथे एकच काळजी: वय विचारा आणि पुस्तक आधी स्वतः चाळा. फँटसी म्हणजे बालसाहित्य असं समजून दहा वर्षांच्या मुलाला मार्टिन देणारे आईवडील असतात. भागवतांचे व्हर्न, ‘द हॉबिट’, पॉटरचे पहिले तीन भाग चालतात. मराठी वाचायला कंटाळणाऱ्या मुलाला मोठ्यांनी रोज एक प्रकरण वाचून दाखवावं आणि रंगात आलं की पुस्तक तिथेच टेबलावर ठेवून उठावं.

चार जण जमवायचे असतील तर

महिन्यातून एकदा, कोणाच्याही घरी, सहा ते आठ माणसं. त्याहून जास्त झाली की ती सभा होते आणि कोणीतरी अध्यक्षीय भाषण करतो. प्रत्येकाने एकच पुस्तक आणायचं, प्रत्यक्ष हातात घेऊन, आणि तीन-चार मिनिटांत सांगायचं. सांगताना तीन गोष्टी हव्यातच: पहिलं पान किंवा एखादा परिच्छेद मोठ्याने, अडचण कुठे येईल, आणि ‘हे कोणाला आवडणार नाही’. तिसरी गोष्ट बोलायला लोकांना जड जाते, पण ऐकणाऱ्याचा विश्वास तिथेच बसतो. भाषेची सक्ती करू नका. गुजराती शेजारीण बेन असतील तर त्यांना गुजराती पुस्तक आणू द्या, आपल्याला ते कळतंच. खायला शेव-उसळ ठेवायची तर पुस्तकं आधी बाजूला ठेवा, तर्रीचे डाग जात नाहीत.

एक वही करा. पुस्तक, लेखक, अनुवादक, कोणाची प्रत, कोण घेऊन गेलं, तारीख. वहीचं शेवटचं पान ‘सोडलेली पुस्तकं’ म्हणून राखून ठेवा: कोणी, कोणतं, कितव्या पानावर आणि का. काही महिन्यांनी या पानावरून प्रत्येकाची नस कळते. कोण नावांना कंटाळतं, कोण युद्धाला, कोणाला मुलांवरचे अत्याचार वाचवत नाहीत.

दिल्यानंतर

‘वाचलंस का?’ असं विचारत राहू नका. पुस्तक मग गृहपाठ होतं आणि माणूस तुम्हाला रावपुऱ्यात लांबून पाहून गल्ली बदलतो. महिनाभराने एकदाच विचारा, तेही ‘कुठवर आलंय?’ असं.

आवडलं असेल तर लगेच त्याच लेखकाचं दुसरं देऊ नका. आधी काय आवडलं ते काढून घ्या. ‘द मार्शन’ आवडलेल्या दोघांत एकाला रसायनशास्त्र आवडलेलं असतं, दुसऱ्याला त्या माणसाचा थट्टेखोर सूर. पहिल्याला क्लार्क, दुसऱ्याला अॅडम्स.

आवडलं नसेल तर वाद घालू नका. ‘पुढे फार छान होतं रे’ हे वाक्य जिभेवर आलं तरी गिळा. सोडल्याचा पान क्रमांक विचारा. वीस पानांच्या आत सोडलं असेल तर अडचण भाषेची किंवा नावांची, तेव्हा त्याच चवीचं सोपं पुस्तक द्या. मध्यावर सोडलं असेल तर जग आवडलं पण गोष्ट थांबली, तेव्हा वेगवान काहीतरी. शेवटाला आल्यावर चिडून टाकलं असेल तर तो तुमचा उत्तम वाचक आहे. त्याला कथासंग्रह द्या, आणि तीन कथांनंतर तोच तुम्हाला पुढचं नाव विचारील.

प्रत परत आली नाही, तर वहीतली तारीख बघून पुढच्या बैठकीला तीच वही त्यांच्या हातात द्या आणि नोंदी मोठ्याने वाचायला सांगा.